लागलेली झोप

रामकिसन एसटीत ड्रायव्हर होता. बहुतेक सगळी नोकरी पिशोरच्या मुक्कामी गाडीवर गेली. रात्री उशिरा पिशोरला पोचायचं, गाडीच्या टपावर अंग टाकायचं आणि तांबडं फुटायच्या आत शहराकडं निघायचं. घडीभर डोळा लागला तरी त्याचं भागायचं. रिटायर होऊन तो शहरात, गारखेड्यात मुलाकडं, बन्सीकडं राहायला आला, पण झोपेची सवय काही बदलली नाही. पहाटे चारला टक्क जागा.

त्याची बायको सरूबाई त्याच्याही आधी उठलेली असायची. मुलगा-सून झोपेत, गल्लीत सामसूम. दोघं मागच्या पायरीवर चहा घेऊन बसायची. नोकरीत असताना तो दिवसाआड बाहेर, घरी आला तरी पेंगलेला. बोलायचं सगळं साचून राहिलं होतं. सरूबाई एकेक गोष्ट काढायची. लहानपणीच गेलेली थोरली पोर कशी रांगायची, तो गाडीवर असताना बन्सीला गोवर कसा निघाला, तिनं एकटीनं दवाखाना कसा गाठला. तो ऐकत राहायचा. उजाडलं की ती भाकरीला लागायची.

दिवसा मात्र त्याची दैना व्हायची. जेवता जेवता पेंगायचा, नातवंडांवर खेकसायचा. एकदा शहागंजात सिग्नलला उभ्या उभ्याच डोळा लागला आणि तो स्कूटरसकट आडवा झाला. बन्सीनं दवाखान्यात नेलं, तर रक्तदाब वाढलेला. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, काकांची झोप फार कमी पडतेय, ती वाढवायची. एकदम नाही, हळूहळू लवकर आडवं व्हायचं. पहाटे जाग आली तरी उठायचं नाही, अंधारात पडून राहायचं.

हे आपल्याच्यानं व्हायचं नाही, असं रामकिसन हसत म्हणाला. पण सरूबाईनं ते मनावर घेतलं. त्याचा संध्याकाळचा चहा तोडला. खिडकीला जुनं लुगडं दुपदरी शिवून लावलं. रोज रात्री काशाच्या वाटीनं त्याचे तळपाय घासायला बसली. पहाटे त्याची चुळबुळ ऐकू आली की ती हळूच म्हणायची, "पडून ऱ्हावा."

सुरुवातीला हालच झाले. झोप वाढली खरी, पण विरलेल्या कापडासारखी. जरा खुट्ट झालं की फाटायची. सकाळी अंग आणखीच जड. थोडकी होती तेव्हा निदान तिच्यात दम तरी होता, असं तो करवादायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाढवलेली झोप कुणाकुणाची आधी अशीच पातळ होते, धीर धरा. सरूबाईनं धीर धरला. दिवाळीच्या सुमारास एके दिवशी त्याला जाग आली ती ऊन दारात आल्यावर. डोकं हलकं, डोळे स्वच्छ. पुढं रक्तदाबही उतरला. नातवंडं त्याच्या मांडीवर येऊन बसायला लागली.

पायरीवर आता सरूबाई एकटीच असायची. त्याच्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. दुपारी बोलत जाऊ, असं तो एकदा म्हणालाही. पण दुपारी पोरं, भांडी, आलंगेलं. ते राहूनच गेलं.

माघात एके सकाळी सुनेच्या हाकेनं तो उठला. सरूबाई पायरीवर भिंतीला टेकून बसलेली होती, शेजारी चहा निवलेला. जाऊन तास-दोन तास झाले असावेत, हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं.

दहाव्याला आलेल्या शेजारच्या मनकर्णाबाईंना राहवलं नाही, त्यांनी सांगून टाकलं. सरूबाईच्या छातीत बऱ्याच दिवसांपासून पहाटे कळा येत होत्या. मालकाला उठवत जा, असं मनकर्णाबाईंनी तिला बजावलं होतं.

"तर म्हणली, आत्ता कुठं त्यांना झोप लागाया लागली, मी कशी मोडू?"

रामकिसन खाली बघत बसला. सगळे उठून गेले तरी तसाच बसला.

त्या रात्री त्याला वाटलं, आता काही आपला डोळा लागायचा नाही. पण वेळ झाली आणि झोप आली, रोजच्यासारखी, गच्च. दुसऱ्या रात्रीही आली. झोप तरी लागती का, असं भेटायला आलेली माणसं विचारायची, आणि तो मान खाली घालून नाय म्हणायचा. घड्याळाचा गजर लावून बघितला. घर जागं झालं, तो ढिम्म. सकाळी ऊन बघितलं की त्याला स्वतःचीच किळस यायची.

शेवटी तो एकटाच दवाखान्यात गेला. दुःखानं झोप उडाली असेल, असं समजून डॉक्टरीणबाई गोळी लिहायला लागल्या.

"तसं नाय बाई," तो म्हणाला. "झोप लई येती. ती मोडून द्या. पहिल्यासारखी चारला जाग आली पायजे."

बाईंनी पेन ठेवलं. मग म्हणाल्या, "काका, त्याला माझ्याकडं औषध नाही." आणि हळूच विचारलं, "काकूंना किती झोप लागायची?"

ती रोज रामकिसनच्या मागून निजायची, त्याच्या आधी उठायची. तिला झोपलेली त्यानं शेवटची कधी बघितली, तेच त्याला आठवेना.

घरी येऊन त्यानं बन्सीला विचारलं, सुनेला विचारलं. त्यांनाही सांगता आलं नाही.