चार मिलिमीटर

उस्तादने धाकट्या भावाची कॉलर धरली आणि त्याचं तोंड लोखंडी टेबलावर आपटलं. एकदा, मग पुन्हा. दुसऱ्यांदा एक दात निखळून नटबोल्टांच्या ट्रेमध्ये पडला.

"फितूर शोधायला तीन जणांना तीन नकाशे दिले होते मी. पुढच्या चाकाच्या पोकळ दांड्याच्या पत्र्याची जाडी प्रत्येकात वेगळी! समोरच्या टीमच्या गॅरेजातून आज फोटो आलाय. भिंतीवर तुझा नकाशा लावलाय, हरामखोरा. दोन मिलिमीटर!"

बाहेर शर्यतीच्या सरावफेरीसाठी इंजिनं तापत होती. माझ्या भावासारखं वेल्डिंग कुणाला जमत नाही, असं उस्ताद चारचौघांत मिरवायचा. आता त्याच भावावर त्याने पाना उगारला.

"कुणाला विकलास?"

"विकला नाही. दिला." भावाने तोंडातलं रक्त बाहीला पुसलं. "आपल्या पोराला."

वर्षापूर्वी उस्तादचा मुलगा समोरच्या टीमची गाडी चालवायला गेला, तेव्हापासून उस्तादने त्याचं नाव टाकलं होतं.

"त्याच्या गाडीचा दांडा दोनदा वाकला, दादा. रडकुंडीला आला होता. म्हटलं, दादाचं माप आहे, डोळे झाकून लाव."

पाना हवेतच राहिला. तिन्ही नकाशांतली मापं खोटी होती, खरं एकट्या उस्तादलाच माहीत होतं. दोनचा दांडा पहिल्या वळणालाच तुटेल, हे नकाशा काढतानाच उस्तादला ठाऊक होतं. तुटला तर तुटू दे, मरू देत चोर, असं म्हणून त्याने रेघ मारली होती. नवा भाग आधी त्या टीमच्या पहिल्या ड्रायव्हरला मिळतो, पोराच्या वाट्याला जुनंच येतं, एवढं त्याने गृहीत धरलं होतं.

"बसवला त्याने?"

"सकाळीच. का?"

उस्ताद अर्ध्या शटरखालून वाकून धावत सुटला. मुलाची गाडी समोरच्या गॅरेजातून बाहेर पडतच होती. तो सरळ तिच्यासमोर आडवा गेला. ब्रेक किंचाळले, गाडीचं नाक नडगीवर बसलं, हाड मोडल्याचा आवाज त्याचा त्यालाच ऐकू आला. रखवालदार तुटून पडले.

"हेर आहे हा! धरा!"

कुणीतरी बरगडीत लाथ घातली. हेल्मेटची काच वर झाली.

"बाबा?"

"चार!" उस्ताद ओरडला. सगळ्या टीमांची माणसं माना उंचावून ऐकत होती, एकजण तर लिहूनही घेत होता. लाथा चालूच होत्या.

"उतर खाली! दोन नाही रे बाळा, चार! चार मिलिमीटर!"