दारावरचे चारशे

मित्रांनो, मी एक जुनी क्लच प्लेट आहे. नाव ऐकून लगेच तोंड वाकडे करू नका. गाडीची गोष्ट म्हटली की सगळ्यांना इंजिन हवे असते, नाहीतर ती चकचकीत चाके. मला कोण विचारतो? पण इंजिन किती बढाया मारते आणि त्यातले चाकांपर्यंत किती पोहोचते, हे जिने अंगावर सोसले ती मी आहे. तेव्हा आज जरा माझेही ऐका.

दिसायला मी जेवणाच्या ताटाएवढी. मध्यभागी दातेरी भोक, त्याभोवती जाड स्प्रिंगा आणि दोन्ही अंगांना खरखरीत अस्तर. माझी जागा इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधे, एका अंधाऱ्या लोखंडी कप्प्यात. चालवणाऱ्याने डाव्या पायाने पेडल दाबले की मी मोकळी. इंजिन आपले फिरत राहते आणि मी स्वस्थ असते. पाय वर आला की मी इंजिनाला घट्ट धरते आणि त्याची ताकद पुढे चाकांकडे जाते. दोघांच्या भांडणात मधे पडणारी एखादी मावशी असते ना, तसे माझे आयुष्य. बोलणी दोन्हीकडून खायची आणि झिजायचे मात्र एकटीने.

कारखान्यात मला दाबले, भट्टीत भाजले, घासून सपाट केले. शेवटी तपासणाऱ्या बाईंनी मला उजेडासमोर धरले, बोटाने टिचकी मारून आवाज ऐकला आणि म्हणाल्या, "ही टिकेल." आयुष्यातले पहिले कौतुक. पुढे बरेच दिवस मी खोक्यात पडून होते, तेव्हा ते दोन शब्द आठवूनच मी वेळ काढला.

खोके उघडले ते दादांच्या गॅरेजमध्ये. दादांचे हात सोन्याचे, पण जिभेला ब्रेक नाही. मोडीत निघालेली एक दोन माणसांची स्पोर्ट्स कार त्यांनी आणली होती आणि ती पुन्हा उभी करायचा ध्यास घेतला होता. आता कोणीही शहाणा माणूस आधी इंजिन बसवेल. दादांनी काय करावे? इंजिन अजून टेबलावर सुट्या भागांत पडलेले, मी बाजूच्या फळीवर, आणि दादांनी पाट्या रंगवणाऱ्याला बोलावून गाडीच्या दारावर हातभर उंचीचे '४००' रंगवून घेतले. म्हणजे चारशे हॉर्सपॉवर.

रंगवणाऱ्याने पुढे डोकावून पाहिले. "साहेब, यात इंजिन कुठंय?"

"येईल की. आकडा आधी वाळू दे," दादा म्हणाले.

हा आकडा आला कुठून, तर इंजिन बनवणाऱ्यांच्या जाहिरातीतून. ते लोक नुसते इंजिन स्टँडवर ठेवतात, त्याला गार हवा देतात, त्याच्या गळ्यातली किरकोळ ओझी काढून घेतात आणि मग मोजतात. तसे मोजले तर आकडा खोटा नसतो. पण गाडीत बसल्यावर पंप आपला वाटा मागतो, पंखा मागतो, पुढे गिअरबॉक्स, मग लांबलचक दांडा आणि मागचा अॅक्सल. रस्त्याला लागते ते यातून उरलेले. शिवाय आमचे इंजिन काही नवे नव्हते, बिचाऱ्याने एक आयुष्य आधीच काढले होते. मला हे पहिल्याच दिवशी कळले. दादांना कळत नव्हते असे नाही, पण दारावर रंग वाळला होता.

खरे संकट आले ते डॉक्टरांमुळे. डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर, गाड्यांच्या क्लबातले. त्यांनी नवी कोरी परदेशी गाडी घेतली होती, कागदावर पाचशेची. एका रविवारी क्लबाची मंडळी गॅरेजमध्ये जमली असताना त्यांनी आमच्या गाडीभोवती एक फेरी मारली आणि अगदी मनापासून म्हणाले, "छान आहे हो. घरी केलेली वाटत नाही."

बस्स. दादांच्या नाकाला मिरची झोंबली. मी तोपर्यंत माझ्या कप्प्यात बसले होते, तरी पत्र्यातून शब्द न् शब्द ऐकू आला. "ऐका सगळे! ही चारशेची गाडी या पाचशेच्या गाडीपुढं हरली, तर मी या गॅरेजचं शटर खाली ओढीन आणि मेहुण्याच्या गोदामात पावत्या फाडायला बसेन!"

"अहो, असं काय करताय? मी सहज बोललो," डॉक्टर गडबडले. पण मंडळींनी टाळ्या पिटल्या होत्या. गॅरेजचा हिशेब पाहणाऱ्या वहिनी, म्हणजे दादांच्या पत्नी, खिडकीतून एवढेच म्हणाल्या, "माझ्या भावाला विचारलंत का?" आणि खिडकी लावून घेतली. दादांना गोदामात बसवणे म्हणजे माशाला फळीवर ठेवणे, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते? त्या दिवसापासून घरात कोणी धड बोलेना. मलाही धास्ती वाटू लागली.

क्लबाच्या शर्यतीसाठी सराव सुरू झाला तो ट्रक उभे करायच्या एका मोकळ्या आवारात. पहिल्यांदा दादा स्वतः बसले. इंजिन गर्जायला लावले आणि पेडलवरून पाय असा सोडला, जसा काही विंचवावर पडला होता. मला जो हिसका बसला! मागची चाके जागच्या जागी गरगर फिरली, धुराचा लोट उठला, गाडीची शेपटी डावीकडे गेली, उजवीकडे गेली. गाडी पुढे मात्र जेमतेम सरकली. दादा खाली उतरले आणि काय म्हणाले असतील? "ताकद कमी पडतेय."

मित्रांनो, मला हात असते तर मी कपाळावर मारून घेतले असते. चाकांना आहे ती ताकद झेपत नव्हती आणि हे आणखी मागत होते!

मग त्यांनी उलटे केले. पाय अर्धवट ठेवून, इंजिन गर्जत ठेवून, मला घासत घासत गाडी काढली. मी भाजून निघाले. जळक्या अस्तराचा तो वास दादांच्या कपड्यांबरोबर घरी पोहोचला. दादांनी लगेच मोठा टर्बो मागवला. म्हणजे इंजिनात आणखी हवा कोंबायची आणि दारावरचा आकडा कसाही करून गाठायचा. ते इंजिन फुटले असते, आणि बरोबर मीही.

टर्बोचे खोके आले त्या दिवशी बेबी आली. बेबी म्हणजे दादांची धाकटी बहीण. कानाजवळचे केस पिकले तरी घरी तिचे नाव बेबीच. ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची, त्यामुळे बंद पडणाऱ्या, उड्या मारणाऱ्या, रडणाऱ्या सगळ्या गाड्या तिच्या ओळखीच्या.

"दादा, चाकं जागेवर फिरतायत आणि तू अजून ताकद मागतोस?" ती म्हणाली. "आहे ती आधी रस्त्याला तर लागू दे. ते खोकं उघडलंस तर मी गाडीला हात लावणार नाही. आणि उतर आता, मला बसू दे."

दादा घुश्शात उतरले. बेबी बसली. पातळ तळव्यांचे बूट घालून आली होती. इंजिन सुरू न करताच तिने पेडल खाली घेतले, वर सोडले, पुन्हा खाली. कितीतरी वेळ. ती मला शोधत होती. मी इंजिनाला पहिल्यांदा स्पर्श करते तो नेमका बिंदू तिला हवा होता. आजवर कोणी माझी अशी चौकशी केली नव्हती. मला तर भरून आले.

त्या पायाला घाई नव्हती. इंजिन फार ओरडू द्यायचे नाही, फार दबू द्यायचे नाही. पेडल त्या बिंदूपर्यंत चटकन सोडायचे, तिथे क्षणभर थांबायचे, गाडीचे वजन मागच्या चाकांवर बसले की उरलेला पाय सोडायचा आणि मगच उजव्या पायाने रेस द्यायची. चुकत होतेच. कधी चाके फिरली, कधी गाडी खोकून बंद पडली. तेव्हा ती रागावली नाही. थोडे थांबून मला गार होऊ द्यायची आणि पुन्हा बसायची. दादा कुंपणापाशी पाठ फिरवून उभे असायचे. हळूहळू ते तोंड इकडे करून उभे राहू लागले.

शर्यतीचा दिवस उजाडला. वापरात नसलेली एक विमानांची धावपट्टी होती, तिथे क्लबाचा मुक्काम. क्लबाने त्या वर्षी नवीनच टूम काढली होती. शर्यतीआधी प्रत्येक गाडी रोलरवर चढवायची. जमिनीत बसवलेल्या त्या लोखंडी लाटण्यांवर गाडीची चाके फिरतात आणि चाकांपाशी खरी किती ताकद पोहोचली, तो आकडा मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसतो. हे ऐकताच दादांच्या तोंडचे पाणी पळाले.

ते चहाच्या टेबलामागे जाऊन उभे राहिले. तर तिथे आधीच डॉक्टर.

"तुम्ही व्हा पुढं," दादा म्हणाले.

"छे छे, तुम्ही आधी. माझा चहा राहिलाय."

"माझाही."

दोघांचेही कप रिकामे होते. हे सगळे वहिनींनी पाहिले आणि पुढे कितीतरी दिवस गॅरेजमध्ये नक्कल करून सांगितले, म्हणून मला ठाऊक.

इकडे आमच्या गाडीचा नंबर पुकारला. बेबीने कोणाची वाट पाहिली नाही. गाडी सरळ रोलरवर चढवली. मी जीव तोडून धरले, इंजिनही बिचारे घसा फाडून ओरडले, आणि पडद्यावर आकडा आला. दोनशे नव्वद.

सगळ्यांच्या नजरा पडद्यावरून दाराकडे वळल्या. तेव्हा दारावरचे चारशे किती मोठे दिसत असतील, कल्पना करा. दादा मान खाली घालून पुढे आले. "बेबी, कशाला चढवलीस?" त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"मोजायला," ती म्हणाली. "कधीतरी मोजायचंच होतं ना?"

आता डॉक्टरांची सुटका नव्हती. त्यांची पाचशेची गाडी रोलरवर चढली आणि आकडा आला चारशे दहा. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. आकडा तोच. तेव्हा कुठे कोणीतरी फिस्सकन हसले आणि मग सगळेच हसले. दादांना मात्र हसू येईना. शर्यत व्हायचीच होती, आणि शटरचा प्रश्न अजून टांगलेलाच होता.

दोन्ही गाड्या रेषेवर आल्या. बेबीने मागची चाके थोडी फिरवून टायर गरम करून घेतले. मग पेडल खाली. दिवे लागत गेले. मी मोकळी, वाट पाहत. हिरवा!

तिचा पाय आला आणि नेमका त्या बिंदूवर थांबला. मी इंजिनाला धरले. ना हिसका, ना घासणे. गाडी मागच्या पायांवर बसली आणि उरलेला पाय सुटला. मित्रांनो, इंजिनातून जेवढी म्हणून ताकद माझ्यापर्यंत आली, तेवढी मी पुढे दिली. चाकांनी त्यातला कणही धुरात घालवला नाही. शेजारच्या रांगेत डॉक्टरांची चाके किंचाळत होती, त्यांची गाडी अजून रेषेपाशीच नाचत होती. आम्ही पुढे! अर्ध्या धावपट्टीपर्यंत आम्हीच पुढे होतो. मग डॉक्टरांच्या टायरांनी रस्ता पकडला. आकडा कमी निघाला तरी चारशे दहा तो, आमचे दोनशे नव्वद. त्यांची गाडी मागून आली, बरोबरीला आली आणि अगदी शेवटी हातभर अंतराने पुढे निघून गेली.

आम्ही हरलो.

बेबी गाडी परत घेऊन आली. दादा जागचे हलले नव्हते. "छान सुटलीस," ते म्हणाले. "पण मी चारचौघांत शब्द दिलाय. उद्या शटर खाली. तुझ्या वहिनीला सांग, भावाला फोन लाव म्हणावं."

"काय शब्द दिला होतास रे? नीट आठव," बेबी म्हणाली.

"हेच की, ही चारशेची गाडी हरली तर..."

"मग? चारशेची गाडी आज इथं आलीच नाही. पडद्यावर सगळ्यांनी बघितलंय. हरली ती दोनशे नव्वदची. तिच्याबद्दल तू काही बोललाच नव्हतास."

दादा तिच्याकडे पाहतच राहिले. तेवढ्यात डॉक्टर धापा टाकत आले. "आणि पाचशेची गाडीसुद्धा आली नव्हती हो! माझी तर चारशे दहाची निघाली. पैजेतल्या त्या दोन गाड्या जगात आहेत तरी का? ते सोडा. बाई, तुम्ही सुटलात कशा, ते आधी सांगा. मी तर रेषेवरच राहिलो."

बेबीने त्यांना विचारले, "दातावर ड्रिल चालवताना पायाखाली पेडल असतं ना तुमच्या? ते असंच धाडकन दाबता?"

"बाप रे! तसं केलं तर पेशंट खुर्चीसकट पळेल."

"मग गाडीनं काय पाप केलंय?"

डॉक्टर इतके हसले की दादांनाही हसू फुटले. वहिनी मागे उभ्या होत्या. "मी भावाला काही सांगितलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "सांगायचा धीरच झाला नाही." आणि पदराने डोळे टिपू लागल्या. दादांनी केवढा तरी श्वास सोडला. इतक्या महिन्यांचा कोंडलेला श्वास होता तो. माझ्याही जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी दादांनी पत्ती घेऊन दारावरचे चारशे खरवडून काढले.

"दोनशे नव्वद लिहायचं का?" बेबीने विचारले.

"काही नको. सुटताना दिसतंच की."

टर्बोचे खोके न उघडता परत गेले. डॉक्टर दर रविवारी शिकायला येऊ लागले. त्यांच्यामागून क्लबातले आणखी काहीजण आले, आणि मोठमोठे आकडे असलेली ती मंडळी बेबीसमोर मुकाट्याने पेडल खाली-वर करत बसू लागली.

पुढे कितीतरी वर्षे मी काम केले. शेवटी अस्तर झिजून कागदासारखे पातळ झाले, तेव्हा दादांनी मला हळूच बाहेर काढले. भंगारात टाकले नाही. पुसून, शटरशेजारच्या भिंतीवर खिळ्याला टांगले. नवीन शिकणारा आला की ते मला खाली काढून त्याच्या हातात देतात आणि म्हणतात, "आधी हिची ओळख करून घे."

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. गाडी कोणाचीही असो, तिच्या दारावर काहीही लिहिलेले असो, डावा पाय जपून सोडा. उगाच पेडलवर पाय टेकवून बसू नका, आणि आम्ही तापलो तर थोडे गार होऊ द्या. जेवढी ताकद आहे तेवढी आम्ही देतोच. नसलेली मागितलीत, तर आम्ही जळतो आणि तुमच्या वाट्याला नुसता धूर येतो.

आता ऊन वर येते आहे. दादांच्या किल्ल्यांचा आवाज येतो आहे. रोज या क्षणी मी कान देऊन ऐकते. कुलूप निघते, दादा खाली वाकतात, आणि माझ्या शेजारून शटर खडखडत वर जाते.