चोवीस फुटांचा चढ

सूर्यभान गवंड्याने आजवर शेकड्याने भिंती उभ्या केल्या, पण मुळे सरांच्या दारातला रॅम्प बांधताना त्याने जेवढा धसका घेतला तेवढा कधी घेतला नव्हता. कारण उघड होतं. दहावीत असताना याच सरांनी त्याची भूमितीची वही खिडकीतून बाहेर भिरकावली होती. रेषेचा चढ काढताना त्याने आडवं अंतर वर लिहिलं आणि उंची खाली, एवढाच गुन्हा. वही त्याने उचलून आणली, पण शाळेवरचं मन उडालं ते उडालंच.

आता शामकांत मुळे सर चाकाच्या खुर्चीत होते. शुगरपायी उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता. बेलापुरातलं त्यांचं घर दोन फूट उंच जोत्यावर. बाहेर पडायचं म्हणजे मुलगा सुश्रुत आणि शेजारपाजारचं कुणीतरी मिळून त्यांना खुर्चीसकट गॅसच्या सिलिंडरसारखं उचलून खाली ठेवत. सरांना त्याची इतकी शरम वाटे, की आठ महिन्यांत ते चारदाच बाहेर पडले होते, तेही दवाखान्यात जायला.

"मला एकट्याला रस्त्यावर जाता आलं पाहिजे," त्यांनी सूर्यभानला बोलावून सांगितलं. "कुणाचा हात लागता कामा नये."

मग आलेखाचा एक कागद त्याच्या हातात दिला. खाली A, वर B आणि मध्ये टोकदार पेन्सिलीने ओढलेली तिरकी रेषा.

"याप्रमाणे बांध. स्वतःचं डोकं चालवू नकोस." एवढं सांगून सर तपासण्यांसाठी दहा दिवस नगरला लेकीकडे निघून गेले.

सूर्यभानने कागदावर पट्टी लावली. उंची चार सेंटीमीटर, लांबी बारा. जोतं दोन फूट, म्हणजे चार सेंटीमीटरचे झाले दोन फूट, मग बाराचे सहा. हिशेब चोख होता. पण दोरी बांधून बघितली आणि त्याने ती सोडून पुन्हा बांधली. असल्या चढावर मालाची ढकलगाडी चढवायला दोन माणसं लागतात, हे त्याला कुठल्या पुस्तकाने शिकवायची गरज नव्हती.

सरांची सून लीना चहा घेऊन आली. "जरा उभा नाही का वाटत, सूर्यभानभाऊ?"

"वाटतोय खरा. पन सरांनी काढलाय, वैनी."

"मग बरोबरच असेल," ती म्हणाली. सरांचं गणित चुकल्याचं त्या घरात कुणी पाहिलं नव्हतं.

सरांना विचारावं म्हणून सूर्यभानने मोबाईल काढला, नंबरही लावला, आणि रिंग जायच्या आत बंद करून खिशात टाकला. पंचेचाळिशी आली, डोक्यावरचे केस गेले, तरी खिडकीतून गेलेली वही माणसाच्या मनातून जात नाही. तोंडात गुळणी धरून त्याने रॅम्प पुरा केला.

सर परतले ते दुपारी. गाडीतून खुर्चीत बसले, सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं आणि चाकांना हात घातला. चढावर दोन फूट पुढे गेले असतील नसतील, पुढची चाकं उचलली गेली आणि खुर्ची मागे घरंगळली. सूर्यभानने गुडघा लावून ती अडवली नसती, तर सर थेट फाटकावर आदळले असते.

"तीस वर्षं झाली!" सर कडाडले. "अजून तुझा चढ चुकतोच!"

गल्लीतली माणसं जमली होती. वहीबद्दल बोलले असते तर सूर्यभानने ऐकून घेतलं असतं. पण हे त्याच्या हातच्या कामाबद्दल होतं. त्याने खिशातून सिमेंटने माखलेला कागद काढून सरांच्या मांडीवर ठेवला, वर पट्टी ठेवली.

"मोजा, सर. उंची चार, लांबी बारा. आखलंय तसंच केलंय म्या."

सरांनी मोजलं. परत मोजलं. "चढ म्हणजे काय, सांग," ते एकदम म्हणाले.

"उंचीतला फरक भागिले आडव्या अंतरातला फरक. उंची वर, सर."

माणसं हसली. सर हसले नाहीत. ते कागदाच्या वरच्या उजव्या कोपऱ्याकडे बघत होते. त्या जागी प्रमाण लिहायचं असतं: आडव्या अक्षावर एक सेंटीमीटर म्हणजे किती, उभ्यावर किती. ते नसेल तर सर पोरांचा आलेख बघतसुद्धा नसत. त्यांच्या मनात आडवं अंतर चोवीस फूट होतं, कारण खुर्ची स्वतः ढकलायची तर फूटभर चढायला बारा फूट लांबी हवी. पण एकाच प्रमाणात काढली असती तर रेषा अक्षावर आडवी पडल्यासारखी दिसली असती. म्हणून जन्माच्या सवयीने त्यांनी आडवा सेंटीमीटर दोन फुटांचा धरला आणि उभा अर्ध्या फुटाचा. तेवढं लिहायचं राहिलं. त्यांचा कागद तपासणार कोण होतं!

पडलो तरी नाक वर, हा सरांचा जुना बाणा. "तू विचारायचं होतंस," ते म्हणाले.

"इचारनार हुतो, सर. फोन बी लावला हुता. भ्या वाटलं."

इतक्या वर्षांत हे सरांना कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं, आणि ते त्यांना लागलं. मग फाटकापलीकडच्या माणसांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात ते म्हणाले, "चूक माझी आहे. फोड हा. आणि नवा आराखडा तू काढ."

सूर्यभानने काढला. अंगण अठरा फुटांचं, म्हणून बारा फूट सरळ, मग टेकायला सपाट चौथरा, तिथून वळून परत बारा फूट. आठवडाभर पाणी मारलं. एका सकाळी सूर्यभान रॅम्प बघायला आला असताना सर एकटेच उतरले आणि फाटकाबाहेर गेले. कुठे जातो हे सांगितलं नाही.

दीड तास झाला. लीना फोन हातात घेऊन फेऱ्या मारू लागली. "सूर्यभानभाऊ, जरा बघून येता?"

"नगं, वैनी. येतील."

सर आले. घामाने सदरा भिजलेला, पण चेहरा ताजा. पहिले बारा फूट चढले, चौथऱ्यावर दम घेतला, वळले. शेवटच्या दोन-तीन फुटांवर दंड भरून आले, खुर्ची थांबली, चाक बोटभर मागे आलं. लीना पुढे धावली. सूर्यभानने तिला नजरेनेच थांबवलं. त्याच्या स्वतःच्या हातांचा काही भरवसा नव्हता, म्हणून ते त्याने पाठीमागे घट्ट धरून ठेवले, सर दारात पोचेपर्यंत.