निळ्या ठिपक्याची गरम हवा

मित्रांनो, दोनच माणसं बसणाऱ्या एका तांबड्या शर्यतीच्या गाडीत मी समोरच्या फळीवरची, आत हवा सोडायची पट्टी म्हणून जन्मले. तेव्हा चकचकीत होते, आता जुनी झाले आहे. माझ्यावर एक दांडी आणि पंख्याचं एक बटण. दांडी लाल ठिपक्याकडे सारली की इंजिनातलं कढत पाणी माझ्यामागच्या नळ्यांत यायचं आणि हवा गरम व्हायची. निळ्याकडे सारली की ते पाणी बंद, आणि बाहेरची हवा येईल तशी आत. बर्फासारखी गार हवा करणं मला जमत नाही, तसा तोरा मी कधी मिरवलाही नाही.

मी विलायतेची. तिकडच्या थंडीत माझे फार लाड व्हायचे. मग एक गोरा इंजिनिअर गाडीसकट इकडे साखर कारखान्याच्या कामावर आला आणि परत जाताना गाडी श्रीरामपूरच्या सोपानशेठना विकून गेला. सोपानशेठ कापसाचे व्यापारी, गाडीवर त्यांचा भारी जीव. रोज सकाळी स्वतःच्या उपरण्याने माझ्यावरची धूळ टिपत. इथल्या उन्हात मला हात लावायची वेळ मात्र क्वचितच येई. मला वाईट वाटायचं.

बहात्तरचा पावसाळा कोरडा गेला. विहिरींनी तळ गाठला आणि गाडीच्या रेडिएटरात खारं पाणी पडू लागलं. काही महिन्यांत गाडीत सारखी गरम हवा येऊ लागली. दांडी कुठेही न्या, शेठच्या पायांना चटके बसायचेच.

रंभाजी मिस्त्रींना बोलावणं गेलं. त्यांनी पहिला संशय माझ्यावरच घेतला. स्क्रू काढून मला उलटं टांगलं, वर एक ओरखडाही दिला. दांडीची वायर ओढून पाहिली, ती शाबूत होती. शेवटी बॉनेट उघडून, दांडी निळ्याकडे ठेवून, त्यांनी माझ्याकडे येणाऱ्या दोन्ही नळ्यांना बोट लावलं. दोन्ही तापलेल्या. म्हणजे पाणी अडवणारा कॉकच बंद होत नव्हता. खाऱ्या पाण्याचा थर बसून तो उघडाच अडकला होता. काढताना तो तुटला. तसा दुसरा इथे कुठे मिळणार? मिस्त्रींनी मोडीतल्या गाडीचा एक कॉक आणून बसवला.

"शेठ, काम झालं, पन कॉक उलटा फिरतोय," हात पुसत ते म्हणाले. "आता निळ्याकडं गरम अन् लालकडं गार. ठिपक्यांचे रंग बदलून देऊ का?"

"नको रं बाबा, गाडी इद्रूप दिसंल. चालवतो मीच. माझ्या ध्यानात ऱ्हातंय."

आणि खरंच, त्यांच्या ध्यानात राहिलं. एकदाही चुकले नाहीत. मला त्याचाच राग येतो.

मे महिन्यात शेठचा धाकटा भाऊ गोरक्ष याला तिसगावला सासुरवाडीला जायचं होतं. शेठनी नाखुशीने किल्ली दिली. क्लच हळू सोड, खड्डे बघ, सावलीत लाव, सगळं बजावलं. माझ्याबद्दल सांगायचं तेवढं राहून गेलं.

तिसगावच्या अलीकडे रस्त्यावर दुष्काळी काम चाललं होतं. खडी फोडणाऱ्या बायामाणसांनी गाडी अडवली. मनकर्णा नावाची बाई उन्हाने कोसळली होती. अंग तव्यासारखं तापलेलं, घाम नाही. कामावरची जीप लांब गेलेली. तिचा नवरा सहादेव हात जोडून उभा होता.

"नगरच्या दवाखान्यात पोचवा, मालक. लई उपकार व्हतील."

गाडीत जागा एकच. तिने गोरक्षच्या शेजारी बसायचं आणि सहादेवने मागे राहायचं. बायकांनी आपल्या प्यायच्या पाण्यात फडकी भिजवून तिच्या अंगावर टाकली.

"भिऊ नका," गोरक्ष म्हणाला. "गाडीत गार हवा हाय."

बाहेरची झळ आत येऊ नये म्हणून त्याने काचा वर केल्या, पंखा लावला आणि दांडी निळ्या ठिपक्याकडे सारली.

मित्रांनो, मला ओरडता येत नाही. कढत पाणी माझ्यामागे सळसळत आलं आणि माझ्या खालून तिच्या पायांवर आग निघू लागली. गोरक्षला वाटलं, बाहेरच पेटलंय तर हवा गार कुठून येणार. त्याने पंखा वाढवला. दांडी अजून रेटली. ओली फडकी सुकली. करंजी घाटात मनकर्णा पुटपुटली, "भाऊ, पाय भाजत्यात."

"आता गार व्हईल, ताई. निळ्यालाच हाय."

नगरला पोचेपर्यंत ती गेली होती. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला होता, वाचली असती की नाही सांगता येत नाही. मलाही सांगता येत नाही. पण शेवटची हवा तिला कुणी घातली, ते मला ठाऊक आहे.

निरोप मिळताच शेठ एसटीने आले. गोरक्ष रडत म्हणाला, "दादा, पार निळ्याला नेली व्हती, तरी गार व्हईना." शेठ दवाखान्याच्या दारात गाडीला टेकून खालीच बसले.

तेवढ्यात एका ट्रकमधून सहादेव उतरला. काय झालं ते त्याला दारातच कळलं. बराच वेळ तो गाडीकडे बघत राहिला. मग त्याने वाकून गाडीला हात लावला आणि तो कपाळाला नेला.

"गरिबाच्या बाईला येवढ्या गाडीत बसवलंत," तो म्हणाला. "जाताना गार वारं तरी लागलं का तिला?"

गोरक्षने भावाकडे पाहिलं. शेठनी मान खाली घातली.

"व्हय," गोरक्ष म्हणाला. "लागलं."

मित्रांनो, मला दांडी आहे, तोंड नाही, म्हणून तुमच्यापुढे पदर पसरते. काही दुरुस्त कराल तेव्हा ते स्वतःपुरतं करू नका. उद्या तिथे कोण बसेल, ते आपल्याला ठाऊक नसतं.