एका काउंटीची चौकशी

खर्र, खर्र, मग जरा थांबणं, मग एक फुंकर. पेन्सिलीला टोक काढण्याचा हा आवाज आमच्या स्वयंपाकघरात रोज न्याहारीनंतर उमटतो आणि त्याच क्षणी माझ्या कपाळावर आठी उमटते. नोव्हेंबरातलं लंडनच्या एजवेअरमधलं ऊन मागच्या दारातून आत येतं ते मनाविरुद्ध हळदीकुंकवाला आलेल्या बाईसारखं, उंबऱ्याशीच टेकतं, बसल्यासारखं करतं आणि निघून जातं. पण तेवढ्या क्षीण प्रकाशात ह्यांचं पांढरंशुभ्र मस्तक वहीवर झुकलेलं असतं, डावा पंजा कागदावर सपाट पसरलेला, उजव्या हाताची करंगळी अक्षराला लागू नये म्हणून अलगद उचललेली, आणि ओठांच्या कोपऱ्यात एक "हं" तयार. काही सापडलं की तो "हं" बाहेर पडतो. मग मला ऐकावं लागतं.

"अगं, ऐक. काउंटीची उत्तरेची हद्द म्हणजे मुळात ओढाच होता. ओढ्यानं पात्र बदललं, पण हद्द जुन्या पात्रावरच राहिली."

मोहरी तडतडत असते, कढीपत्ता हातात असतो, आणि मी कुणाच्या तरी ओढ्याचं पात्र ऐकत उभी असते. कर्म माझं!

ही काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा मुलूख, इथली नव्हे. अमेरिकेतली, एका मोठ्या शहराच्या कडेला पसरलेली, आमची एकुलती एक लेक गार्गी जिथे पाच वर्षांपूर्वी नोकरीसाठी गेली ती. त्या काउंटीचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्या नावाचा मला वीट आलाय. ह्यांचं आयुष्य लंडनच्या एका कौन्सिलच्या प्लॅनिंग खात्यात नकाशे काढण्यात गेलं. अजूनही पत्रावर, पाकिटावर, बँकेच्या फॉर्मवर पत्ता लिहिताना हे शेवटी "मिडलसेक्स" लिहितात. ती काउंटी कागदोपत्री केव्हाच पुसली गेली, पण ह्यांच्या हस्ताक्षरात ती अजून नांदते आहे. अशा माणसाला निवृत्तीनंतर एक जिवंत काउंटी सापडावी, मग काय विचारता! नऊ वह्या झाल्या. आधी पेन्सिलीनं लिहायचं, तीन ठिकाणी पडताळून पाहायचं, आणि खात्री पटली की वरून शाई फिरवायची, ही ह्यांची ऑफिसातली जुनी शिस्त.

आणि बोलायला लागले की, खोटं कशाला सांगू, सुंदर बोलतात. आधी तिथे घनदाट ओकवृक्षांचं अरण्य होतं आणि त्या भूमीचे मूळ रहिवासी ऋतूंप्रमाणे नदीकाठानं ये-जा करत. मग त्यांना हुसकून लावणारे आले, नांगर आले, पिठाच्या गिरण्यांची चाकं ओढ्यांवर फिरू लागली. मग लोहमार्ग, मग महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी एकाच साच्यातून काढलेली घरं, प्रत्येकापुढे गवताचा हिरवा चौकोन. आणि आता कोरियन चर्चशेजारी गुजराती वाण्याचं दुकान, त्याच्या पलीकडे दाक्षिणात्यांचं देऊळ, आणि शनिवारी सकाळी सगळ्यांच्या गवतावर कापणीयंत्रांची एकच घरघर. बोलताना ह्यांचा तळहात हवेत टेकड्या काढतो, बोटं नद्या होऊन खाली उतरतात. मी ऐकता ऐकता क्षणभर हरवते, आणि मग भानावर येऊन जास्तच चिडते. ज्या माणसाला त्या काउंटीतल्या पडक्या गिरणीच्या मालकाची वंशावळ पाठ आहे, त्याला आपल्या लेकीच्या स्वयंपाकघराच्या भिंतींचा रंग माहीत नाही!

हे वेड कुठून आलं ते मला पक्कं ठाऊक आहे. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा माझे काका पुण्याहून कराडला गेले होते, ह्यांच्या घराची चौकशी करायला. त्यांनी शिंप्याला विचारलं, शेजारच्या कंपाउंडरला विचारलं, ह्यांच्या शाळेतल्या मास्तरांना गाठलं. संध्याकाळी समोरच्या पारावर तासभर नुसते बसून राहिले, घरातून भांडणाचा आवाज येतो का ते ऐकत. तो सगळा वृत्तान्त पुढे हे मोठ्या कौतुकानं सांगायचे. मुलगी द्यायची म्हणजे असं स्थळ पाहावं, असं ह्यांच्या मनात घट्ट बसलेलं. आणि गार्गीनं काय केलं? तिथे गेल्यावर काही महिन्यांतच तिथल्याच बेन नावाच्या मुलाशी एका शुक्रवारी काउंटीच्या कचेरीत दोन सह्या करून लग्न केलं आणि शनिवारी आम्हाला फोन केला. "छान झालं," हे म्हणाले. शांतपणे म्हणाले. दुसऱ्या दिवशी बाजारातून एक जाड वही घेऊन आले आणि पहिल्या पानावर काउंटीचं नाव घातलं. जी चौकशी लग्नाआधी करायची राहिली, ती लग्नानंतर सुरू झाली. आणि मुलाबद्दल विचारायची सोय उरली नव्हती म्हणून ती त्याच्या मातीबद्दल, पाण्याबद्दल, पूर्वजांबद्दल झाली. हसावं की रडावं मला कळेना.

दर रविवारी फोन व्हायचा. मी विचारायची, पाठ दुखायची थांबली का, नवी बॉस कशी आहे. मग फोन ह्यांच्याकडे जायचा.

"तुमच्याकडच्या त्या ओढ्याला पाणी चढलं असेल ना गं?"

"कोणता ओढा, बाबा?"

की झालं. पंधरा मिनिटं ओढा. पलीकडून गार्गीचे "हो का" आणि "ओह वाव" हळूहळू बारीक होत जायचे, थंडीत दिवस आक्रसत जातो तसे, आणि शेवटी ती म्हणायची, "बाबा, मला एक कॉल आहे." रविवारी कसला कॉल? हात टेकले मी.

सप्टेंबरात तिनं मला एकटीला फोन केला. बेन घर सोडून गेला होता. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं संपलं म्हणे. कोर्टात घटस्फोटाचे कागद गेले होते. मी खुर्चीत बसले ती उठलेच नाही किती तरी वेळ.

"बाबांना तू नको सांगू," ती म्हणाली. "मी सांगीन. मला सांगायचंय. पण आई, त्यांना घेऊन ये ना इथे. आय जस्ट वॉन्ट हिम हिअर. नुसते बसले तरी चालेल."

नुसते बसले तरी चालेल! छत्तिसाव्या वर्षी माझी लेक एवढंच मागत होती. आणि मी सांगू शकत नव्हते, कारण शब्द दिला होता. मग मी दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली. अहो, जाऊन येऊ. अहो, पाच वर्षं झाली. अहो, नकाशात काय बघता, डोळ्यांनी बघा की. ह्यांची उत्तरं तयार. थंडी फार असते. तिच्या कामाचे दिवस असतात. आणि सगळ्यात कहर म्हणजे, "लोकसंख्येचं प्रकरण तेवढं पुरं होऊ दे." सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला, मागच्या अंगणातल्या सफरचंदाच्या झाडाचं शेवटचं पान गेलं, आणि हे आपले टोक काढतायत. मी आतल्या आत अशी धुमसत होते की कुकरच्या शिट्टीनंसुद्धा दचकायची.

परवा सकाळी मात्र डोक्यावरून पाणी गेलं. गार्गीनं मला मेसेज केला होता, रिकाम्या खोलीचा फोटो. बेन येऊन उरलेलं सामान घेऊन गेला, गालिच्यावर सोफ्याच्या पायांचे चार खळगे राहिले होते. मी तो पाहून डोळे पुसत स्वयंपाकघरात आले, तर तिथे खर्र, खर्र, फुंकर.

"डोंबलाची ती लोकसंख्या!" मी ओरडले. अडतीस वर्षांच्या संसारात एवढ्या वरच्या पट्टीत मी बोलले नसेन. "त्या काउंटीतली सगळी माणसं मोजलीत, एक आपली सोडून!" आणि पुढ्यातली वही हिसकावून घेतली. फाडणारच होते. देवाशप्पथ, फाडणार होते.

पान तेच होतं, लोकसंख्येचं. कोण कुठून आलं, कोणत्या दशकात किती वाढले, सगळं शाईत, मुद्रित मजकुराला लाजवील अशा अक्षरांत. आणि अगदी तळाशी, समासाच्या आत दबून बसल्यासारखे, पेन्सिलीतले दोन शब्द. "वजा एक." पुढे महिना, ऑगस्ट.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे टेबलावरचा पेन्सिलीचा भुसा बोटानं एका जागी गोळा करत होते.

"हे काय आहे?"

"तिथल्या कोर्टाची दफ्तरं कुणालाही बघता येतात," हे म्हणाले. "मी जुने जमिनीचे खटले बघत होतो. नव्या नोंदींच्या यादीत आपलं आडनाव दिसलं. खाली दोघांची नावं. त्याचा पत्ता दुसऱ्या राज्यातला लिहिलाय."

ऑगस्ट. म्हणजे माझ्याही आधी. म्हणजे इतके दिवस एकाच टेबलाशी बसून, एकाच किटलीतला चहा पिऊन, मी ह्यांच्यापासून आणि हे माझ्यापासून तेच दुःख लपवत होतो, आणि वर मी ह्यांना दगड समजत होते. तोंडातून ब्र काढला नाही ह्या माणसानं!

"मग बोलला का नाहीत?"

"तिनं सांगितलं नव्हतं ना. असं चोरून कळलेलं कुठल्या तोंडानं सांगायचं? तिथे जाऊन तिच्यासमोर बसायचं, आणि माहीत नसल्यासारखं करायचं? मला जमलं नसतं गं. म्हणून टाळत होतो."

"पण त्यावर शाई का नाही फिरवलीत? खात्रीच होती की."

ह्यांनी गोळा केलेला भुसा तळहातावर घेतला. "बदलेल असं वाटत होतं," म्हणाले.

मला इतकं रडू आलं. रागानं आलं की कशानं आलं, मी सांगू शकत नाही. ज्याला अडतीस वर्षं मी हिशेबी, कोरडा, नकाशातला माणूस म्हणत आले, तो तीन महिने रोज सकाळी ते पान उघडून बसत होता, पेन्सिलीला टोक काढत होता आणि त्या दोन शब्दांपुढे काहीही लिहीत नव्हता.

तिथे तेव्हा पहाटेचे चार वाजले असतील. लगेच फोन करता येईना. आमच्याकडे बारा वाजेपर्यंत आम्ही दोघं त्या टेबलाशी बसून राहिलो. ऊन येऊन गेलं. शेजारच्या शाळेतल्या मधल्या सुट्टीचा कल्लोळ उठला आणि विरला. गार्गीनं फोनवर काय मागितलं होतं ते मी ह्यांना सांगितलं. मी लॅपटॉपवर विमानाची तिकिटं शोधत होते, ह्यांनी एकदाही थंडीचं नाव काढलं नाही. बाराला हे स्वतः उठले, फोन आणला, मधोमध ठेवला आणि स्पीकर लावला.

"गार्गी, बाबा बोलतोय."

"बाबा? इतक्या सकाळी? आई ठीक आहे ना?"

"आई ठीक आहे. माझ्यावर चिडली आहे. बाळा, मला माहीत आहे. ऑगस्टपासून माहीत आहे."

पलीकडे एक श्वास, मग दुसरा, आणि मग लहानपणी गुडघा फुटल्यावर रडायची तसं, आवाज न लपवता. ह्यांचा हात उगाच टेबलावरून फोनच्या दिशेनं सरकत राहिला, फोनला थोपटावं तसा.

"आम्ही येतोय," हे म्हणाले. "आई तिकिटं काढतेय. मी नुसता बसेन. काही विचारणार नाही."

"बाबा, पण..." तिनं नाक पुसलेलं ऐकू आलं. "मी इथे राहणार नाहीये. जानेवारीत मी मूव्ह करतेय. तीन तास लांब आहे, नवीन जॉब आहे. ती काउंटी वेगळी आहे. सॉरी बाबा. तुम्ही किती लिहिलं. तुमच्या सगळ्या वह्या..."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. नऊ वह्या. ओढे, गिरण्या, लोहमार्ग, पाच वर्षांच्या सगळ्या सकाळी. आता हा माणूस कोलमडणार, किंवा त्याहून वाईट, त्या नव्या काउंटीचं नाव विचारून दहावी वही आणायला उठणार, असं मला वाटलं.

"मग तिथलं मला काहीच माहीत नाही," हे म्हणाले. "तूच सांग."

आणि ती सांगू लागली. घर लहान आहे पण खिडक्या मोठ्या आहेत, खाली एक म्हातारी राहते ती दिवसभर पियानो वाजवते आणि वाईट वाजवते, ऑफिस चालत जाण्याइतकं जवळ आहे, रात्री झोप लागत नाही, बेनच्या आईचा फोन आला होता, ती पण रडली. आपल्या मोडक्या, गोड मराठीत, मध्ये इंग्रजीत घसरत, परत वर येत, ती तासभर बोलली, आणि हे मान कलती करून ऐकत होते, हात मांडीवर रिकामे. जे माणूस दूर गेलं त्याच्या नसण्याच्या जागी आपण काय काय भरत बसतो, आणि काळ काही थांबत नाही. पाच वर्षं ह्या घरात अशीच भरून गेली आणि तिचा हा आवाज तेवढा त्यात कुठेच नव्हता, हे मला ती बोलत असताना कळलं, आणि मला ह्यांचा इतका राग आला, इतका राग आला, की मी ह्यांचा हात धरला तो ती फोन ठेवेपर्यंत सोडला नाही.