लांब पल्ल्याचा फायदा

मेहुण्याचा दातांचा दवाखाना बरा चालला होता, पण लोकांच्या तोंडात डोकावून त्याला वीट आला होता. म्हणून त्याने घोड्यांवर जगायचं ठरवलं. युक्ती साधी होती. लोकांच्या पसंतीत जो घोडा दुसरा, त्याच्यावर दर रेसला पैसे लावायचे. बहिणीच्या नवऱ्याला त्याने गाठलं.

"भावोजी, विमा कंपनीत तुम्ही माणसं कधी मरणार याचा हिशेब करता. घोडे कधी जिंकणार एवढं सांगा की!"

भावोजींनी मनावर घेतलं. जुन्या रेसचे निकाल कॉम्प्युटरवर चढवले. दुसरा घोडा लावून पाहिला, पहिला लावून पाहिला, हरल्यावर डाव दुप्पट करून पाहिला. शेवटी वैतागून घोड्यांच्या नावातली अक्षरंही मोजली. सगळ्या वाटा खड्ड्यातच जात होत्या. एखादी तडक, एखादी रमतगमत.

"म्हणजे फायदा कुणालाच नाही?" मेहुण्याचं तोंड उतरलं.

"बुकीला आहे. भाव लावतानाच तो आपला वाटा कापून ठेवतो. लांब पल्ल्यात तोच जिंकतो."

झालं! पुढच्या रविवारी मेहुणा घरातल्या घरात बुकी होऊन बसला. पहिलं गिऱ्हाईक त्याचेच वडील, म्हणजे भावोजींचे सासरे. टीव्हीवर घोडे फिरत होते, त्यातली सगळ्यात मरतुकडी घोडी त्यांनी निवडली. भाव एकाला चाळीस.

"बाबा, ती चालतेय हेच खूप!"

"म्हणूनच. बिचारीच्या मागे कुणीतरी नको?" म्हणत सासऱ्यांनी नोटांची गड्डी टेबलावर ठेवली. मेहुण्याने ती झडप घालून उचलली. त्याला सावध करायला भावोजींनी टेबलाखालून लाथ मारली, ती सासूबाईंना लागली.

घोडी जिंकली. तीही आरामात.

मेहुणा पांढराफटक पडला. "लांब पल्ल्यात बुकी जिंकतो म्हणालात ना?"

"तिथवर पोचायला खिसा खोल लागतो रे."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"तू विचारलंस कुठे?"

"बापाचे पैसे बुडवतोस की काय?" सासऱ्यांनी हात पुढे केला. मेहुण्याला गाडी विकावी लागली.

घरी परतताना भावोजींची बायको भलतीच खुशीत होती. भावोजींनी कारण विचारलं.

"त्या गड्डीत निम्मे माझे होते," ती म्हणाली.

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही हिशेब करत बसला असता."