आडून मोजणारी पोरगी

आमच्या रविराजला पोरगीच मिळंना. पुण्यात नोकरी, फ्लॅट, तोंडात सुपारीचं खांड न्हाई, तरी जिकडं तिकडं नकार. शेवगावात कुनाची बी वरात निघाली की मला रडू फुटायचं. शेवटी भिंगारच्या धनश्रीचं स्थळ आलं. डॉक्टर हाय म्हनले, पन सुया टोचनारी न्हाई, प्रयोगशाळेतली. तिची अट एकच, लग्नानंतर नोकरी सोडनार न्हाई. म्हटलं, नको सोडू. हो म्हनायला काय पैसं पडत्यात?

आताच्या पोरी सोताच घर बघायला येत्यात. ही बी आली. मी इचारलं, "काय करतीस गं तिथं?"

"ताऱ्यांमध्ये लोखंड, सोनं असं काय काय कसं तयार होतं, ते मोजते, काकू."

"आगं बाई! ताऱ्यावर जातीस?"

"नाही हो. तिथली क्रिया इतकी क्वचित घडते, की इथं यंत्रापुढं जन्मभर बसलं तरी दिसायची नाही. मग त्या क्रियेत मधे जो अणुगाभा तयार होतो, तोच आम्ही इथं दुसऱ्या सोप्या वाटेनं बनवतो. त्याचं पुढं काय होतं ते बघायचं आणि त्यावरून ताऱ्यातलं ताडायचं."

"म्हंजी सोयरीक जमवताना पोरीच्या घरी न इचारता तिच्या गावात चौकशी करत्यात, तसंच की!"

समदी हसली. धनश्री बी हसली. म्हटलं, जमलं बाई एकदाचं.

मी तर तयारीतच बसले हुते. "खुशाल कर नोकरी, मी हाय ना," असं म्हनायचं घोकून ठिवलं हुतं. पन ह्या बयेनं मला काय इचारलंच न्हाई! उठली आन् "वहिनींना मदत करते" म्हनून सैपाकघरात गेली. वहिनी म्हंजी आमची थोरली सून, पंकजा. बी.एड. झालेली. तिच्या बी लग्नात आमी नोकरीला हो म्हटलं हुतं, पन राहून गेलं. संसार म्हटलं की राहतंच.

साखरेचं निमित्त करून मी मागं गेले. धनश्री इचारीत हुती, "वहिनी, मग तुम्ही शाळेत का नाही लागलात?"

पंकजानं तोंड उघडलं, तेवढ्यात तिला दारात मी दिसले. तिनं तोंड मिटलं. म्हटलं, सून असावी तर अशी!

आठ दिवसांनी फोन आला. नकार! आन् फोन बी धनश्रीनं सोता केलेला. माझं डोस्कंच फिरलं. "आमच्या पंकजानं काय भरवलं गं तुझ्या कानात?"

"त्या एक शब्दही बोलल्या नाहीत, काकू."

"मंग?"

"तेवढंच मोजलं."

आता माझ्या लेकराचं कसं व्हायचं, म्हनून मी फोन आपटून तिथंच फतकल मारली. फोनचा स्पीकर चालू हुता. पंकजा कनिक मळता मळता समदं ऐकत हुती. ती हसायला लागली. मी डोळे वटारून बघितलं. तरी थांबली न्हाई.